गोदाबाईंची मंगळवारची तालीम

गोदाबाईंनी पहिल्याच भेटीत मला डोळा मारला.

साठीची बाई. दोन्ही नाकपुड्यांत खड्याच्या चमक्या, लिंबाएवढा अंबाडा, सुती साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला. मी दुकानाच्या मागच्या खोलीत खुर्चीवर टेकते न टेकते तोच या बाईंनी उजवा डोळा सावकाश मिटला, सावकाश उघडला, आणि वर जिभेनं टॉक् केलं. मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. म्हणजे मलाच.

मी आपली कसनुशी हसले. दुसरं काय करणार?

"शून्य," त्या म्हणाल्या आणि समोरच्या वहीत खरोखर शून्य काढलं. "तूं हसलीस. डोळा मारणाराला काय वाटेल? पोरीला आवडलं म्हणून वाटेल. नऊ वर्षं बायकांच्या कामांत होतीस म्हणून सांगटलं दुकानाच्या मुदलाळीनं. काय शिकलीस गे नऊ वर्षांत?"

मला राग आला, पण त्याहून जास्त धक्का बसला. ही बाई मराठी बोलत होती! कुंभकोणमच्या भर बाजारात, रेशमी साड्यांच्या दुकानात, माझ्या पणजीनंही जुनी म्हटली असती अशी मराठी.

मी सांगलीची. नवरा आडुतुरैला भाताच्या वाणांवर संशोधन करतो, म्हणून आम्ही गेली सहा वर्षं मेलकावेरीत भाड्यानं राहतो. सहा वर्षांत माझं तमिळ भाजीवाल्याशी भांडण्याइतपत झालंय. भांडण जिंकण्याइतपत अजून नाही. इथे पिढ्यान् पिढ्या राहिलेली मराठी घराणी आहेत हे मला ऐकून माहीत होतं. लोक त्यांना सरसकट 'राव' म्हणतात. ही माणसं घरात मराठी बोलतात आणि उंबरा ओलांडला की तमिळ, अगदी नवरा-बायकोसुद्धा. गोदाबाई माझ्याशी मराठीत बोलल्या कारण खोलीत आम्ही दोघीच होतो. तेवढ्यात कॅशियर नटराजन पाण्याचा पेला घेऊन आत आला आणि बाईंचं मराठीत सुरू झालेलं वाक्य तमिळमध्ये संपलं. तो गेल्यावर मी विचारलं, "असं का?" तर म्हणाल्या, "तें घरचं बोलणं. दुकानांत नक्को. देव्हाऱ्यांतली समई कोण्ही बाजारांत घेऊन फिरतं का?"

दुकानाचं नाव मी सांगणार नाही. माणसांचीही नावं बदलली आहेत. अशा तक्रारींतली नावं फोडायची नसतात, आणि फोडली तर गोदाबाई पहिली नोटीस मलाच काढतील.

तर झालं होतं असं. कामाच्या जागी बायकांचा छळ होऊ नये म्हणून प्रत्येक दुकानात, कचेरीत एक तक्रार समिती हवी, असा कायदा आहे. तो कायदा दुकानाच्या मालकांना, म्हणजे मुदलाळींना, फार उशिरा आठवला. सरकारी तपासणी येणार अशी कुणकुण लागली तेव्हा. अध्यक्ष म्हणून नोकरीतली ज्येष्ठ बाई हवी. मुदलाळींनी नजर फिरवली. साड्यांच्या घड्या घालायच्या विभागात तीस वर्षं खाली मान घालून काम करणाऱ्या गोदाबाई दिसल्या. देवभोळी बाई, एकादशीला उपास करते, मोठ्यानं बोलत नाही. सही करील, घरी जाईल. शिवाय बाहेरचा एक सदस्य हवा, तर तिथे मी सापडले. मीही सही करीन आणि घरी जाईन, असाच त्यांचा हिशेब होता. खरं सांगायचं तर माझाही तोच होता.

गोदाबाईंनी मात्र तो कायदा तमिळमध्ये मिळवून अथपासून इतिपर्यंत तीन वेळा वाचला. एखाद्या पोथीसारखं त्याचं पारायणच केलं. मग त्या मुदलाळींकडे गेल्या आणि विचारलं, "यात प्रशिक्षण द्यावं असं लिहिलंय. ते कधी?" मुदलाळी म्हणाले, भिंतीवर पोस्टर लावलंय ना अम्मा. पोस्टर कपाटाच्या मागे लावलं होतं. बाईंनी चार माणसं बोलावून कपाट हलवलं.

आणि मग सुरू झाली मंगळवारची तालीम.

दर मंगळवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी, देवाला कापूर दाखवून झाला की, सगळी माणसं साड्या उलगडायच्या त्या पांढऱ्याशुभ्र गादीवर बसायची. चाळीसेक जणं. पुरुष पुढे, पोरी मागे. "ज्यांना शिकायचं ते पुढे" हा बाईंचा नियम. गोदाबाई आत जायच्या आणि बाहेर यायच्या त्या बाई म्हणून नव्हे. खांद्यावर टॉवेल, तोंडात नसलेलं पान, चालणं असं की बघणाऱ्यानं पोरीबाळी आत घ्याव्यात. कधी त्या मॅनेजर असायच्या, कधी लग्नाच्या खरेदीला आलेले वधूपक्षाचे मामा, कधी सुताचा दलाल. एकेका पोरीसमोर उभं राहायचं, बोलायचं, हात पुढे करायचा. पोरीनं ओरडायचं, "कैयै एडु!" म्हणजे हात काढ! आणि सगळ्या दुकानानं तिच्यामागे एका सुरात तेच ओरडायचं. मग वहीत मार्क.

हसली की शून्य. पुटपुटली की दोन. ओरडून झाल्यावर "सॉरी" म्हणाली तर आधीचे मार्कही कापले जायचे.

पुरुषांना शंका फार. एका सेल्समननं हात वर केला, "अम्मा, साडी तुम्हाला शोभते असं म्हणणं हे तर आमचं कामच आहे."

"गिऱ्हाइकाला म्हण. बरोबर काम करणारीला स्टॉक विचार."

"आणि ती स्वतःच शोभते का म्हणून विचारते तर?"

"तर हो म्हण, आणि तोंड मीट."

दरवानानं विचारलं, मी तर बाहेर बसतो, मला हे कशाला? बाई म्हणाल्या, "तू बाहेर बसून कोणाकडे पाहतोस ते मी आतून पाहते." दुसऱ्या मंगळवारपासून दरवान सगळ्यांत पुढे बसायला लागला.

मला हे सगळं अतोनात हास्यास्पद वाटायचं. मी नऊ वर्षं समुपदेशन केलेली, मला वाटायचं हे असं गुरासारखं ओरडून काय होतं? संवेदनशीलता वगैरे काही आहे की नाही? एका मंगळवारी मागच्या खोलीत मी ते बोलूनही दाखवलं. बाईंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "संवेदना मागाटून येऊं दे. आधीं आवाज येऊं दे."

नंतर एकदा तिरुचीहून मोठी लग्नखरेदी आली. बारा बायका, एक मामा. मामांनी साडी दाखवणाऱ्या पोरीचं मनगट धरलं आणि म्हणाले, हा रंग तुझ्याच अंगावर टाकून दाखव. पोरगी क्षणभर गोठली. मग तिच्या तोंडून सवयीनं निघालं, "कैयै एडु!" आणि झालं काय, की सवय सगळ्यांनाच होती. पहिला मजला, तळमजला, कॅश काउंटर, जिन्यात साड्यांची चवड घेऊन जाणारा, बाहेरचा दरवान, सगळं दुकान एका सुरात गरजलं, "कैयै एडु!" मामांच्या हातातली कॉफी मामांच्याच धोतरावर. मुदलाळी धापा टाकत वर आले. गिऱ्हाईक गेलं, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं. तर नवरीची आजी म्हणाली, "बसा हो तुम्ही. चाळीस वर्षं कोणीतरी हे ओरडायला हवं होतं." आणि पुढची साडी उलगडायला सांगितली. त्या दिवसापासून माझी संवेदनशीलता जरा गप्प बसली.

तक्रारपेटीची गंमत तर विचारूच नका. आधी ती कॅमेऱ्याच्या बरोबर खाली टांगली होती; चिठ्ठी टाकणारी कोण हे मुदलाळींना खुर्चीत बसल्या दिसावं अशी. बाईंनी ती उचलून बायकांच्या हात धुवायच्या जागी नेली. पहिल्या महिन्यात अकरा तक्रारी आल्या. सात सांबाराबद्दल. दोन पंख्याबद्दल. एक म्हणजे 'माझं लोणचं कोण खातं'. अकरावी होती: 'या दुकानात माझं कोणी ऐकत नाही.' अक्षर मुदलाळींचं. बाईंनी अकराही तक्रारींना नंबर दिले आणि अकराही जणांना लेखी उत्तरं दिली. लोणच्याच्या उत्तरात लिहिलं होतं, 'हा छळ नव्हे, पण अन्याय आहे. चोर सापडला. समज दिली.' मुदलाळींना काय उत्तर दिलं ते त्यांनी मला कधी दाखवलं नाही. पण तेव्हापासून सकाळच्या कॉफीला त्या मुदलाळींच्या टेबलापाशी दहा मिनिटं बसायला लागल्या.

एका बाबतीत मात्र त्या फारच कडक. तक्रार लिहायची तर शब्द जसाच्या तसा लिहायचा. 'वाईट बोलला', 'घाण बोलला' असं चालायचं नाही. काय बोलला? कधी? कुठे? पोरी लाजून मरायच्या. बाई म्हणायच्या, "म्हणणाऱ्याला लाज नाही, लिहिणारीला का?" आणि स्वतः आपल्या गोल, देखण्या तमिळ अक्षरात एकेक शिवी वहीत उतरवायच्या, हात धुवायच्या, विठ्ठलाचं नाव घ्यायच्या आणि दुपारचा डबा उघडायच्या.

डबा मोहन आणायचा.

मोहन म्हणजे गोदाबाईंच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. बाईंचा नवरा लग्नानंतर चार वर्षांत गेला, मूल नाही. बहीण गेली तेव्हा मोहन आठ वर्षांचा. तेव्हापासून बाईंनीच वाढवला. आता तिशी ओलांडलेला, पहिल्या मजल्याचा सुपरवायझर. विक्रीत दुकानात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. उंच, हसरा, सगळ्यांना हवासा. त्या दोघांचं घर म्हणजे दोन खोल्या, विठोबाची तसबीर आणि मराठी. बाकीचे नातेवाईक चेन्नईला, बेंगळूरला पांगलेले. त्यांच्या पोरांना ते बोलणं येतही नाही. "मी आणि मोहन," बाई म्हणायच्या, "आम्ही दोघं बोलतों तेवढं बोलणं उरलंय." मलाही मोहन आवडायचा, हे मी लपवणार नाही. सांगलीकडच्या एका मुलीचं स्थळ मी स्वतः त्याच्यासाठी सुचवलं होतं. तो मला चिडवायचा, "अक्का, तुमची मराठी म्हणजे बातम्या वाचतात तशी." आणि मी सगळ्यांदेखत म्हणायचे, "आणि तुमची मराठी मला अर्धी कळतच नाही, बाबा!" हसायचो आम्ही.

आडी महिन्याच्या, म्हणजे इथल्या आषाढातल्या सेलच्या, गर्दीत पेटीत एक पाकीट आलं. सेल्वीचं.

सेल्वी बावीस वर्षांची, तिरुभुवनम् इथल्या विणकराची मुलगी. बाहेरून बी.कॉम. करत होती, बसनं ये-जा करायची. तालमीत तिला कधी दोनच्या वर मार्क मिळाले नाहीत. आवाजच निघायचा नाही. तिच्या बापानं नोकरीला पाठवतानाच बजावलं होतं, तिथे काही भानगड ऐकू आली तर त्या दिवसापासून तू घरी, आणि येत्या आवणी महिन्यात लग्न. म्हणजे हे पाकीट टाकताना पोरीनं नोकरी, शिक्षण, सगळंच त्या पेटीत टाकलं होतं.

पाकिटात नाव होतं: मोहन. जागा: पहिल्या मजल्यावरची साठवणीची खोली. तारखा तीन. आणि त्याचे शब्द, बाईंनी शिकवलं होतं तसे, जसेच्या तसे. फक्त ते शब्द तमिळ नव्हते. तमिळ अक्षरांत लिहिलेल्या चार ओळी. खाली तिनं लिहिलं होतं, 'याचा अर्थ मला माहीत नाही. पण तो बोलताना कसा बोलतो ते मला माहीत आहे. तीनदा तेच बोलला, म्हणून पाठ झालं. दार अडवून उभा राहतो. मी जाऊ लागले तर हात धरतो.'

नटराजन समितीत होता, आणि पदरांना गोंडे लावणारी मीनाक्षी. नटराजननं कागद उलटसुलट केला. "हिंदी असेल. की तेलुगू?" मीनाक्षीनं मान हलवली. गोदाबाईंनी चष्मा पुसला, कागद घेतला आणि सवयीप्रमाणे मोठ्यानं वाचायला लागल्या. दोन शब्द वाचले आणि थांबल्या. मग उरलेलं मनातल्या मनात वाचलं. मी त्यांच्या खांद्यावरून पाहत होते. मला तमिळ अक्षरं लावायला वेळ लागतो, पण पहिले दोन शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकले होते: "साखरेची मैना."

पुढच्या ओळी मी इथे लिहीत नाही. माझ्यात तेवढी हिंमत नाही.

बाईंनी कागदाची घडी घातली. साडीची घालतात तशी, काठाला काठ जुळवून. म्हणाल्या, "हा माझा पोर. मी या खुर्चीवर बसू नये." आणि उठल्या. अर्ध्या तासात मुदलाळींना सही करायला लावून मीनाक्षीला अध्यक्ष केलं. मीनाक्षी त्या खुर्चीवर बसेना. शेवटी खाली सतरंजीवर बसून तिनं सुनावणी चालवली. गोदाबाई दाराजवळच्या स्टुलावर, साक्षीदारांच्या जागी.

आधी सेल्वी आली. त्या चार ओळी घडाघडा म्हणाली. अर्थ न कळता, शाळेत कविता म्हणतात तशी. मला अर्थ कळत होता. मला भिंतीत शिरावंसं वाटलं.

मग मोहन आला. हसतच आला. आधी म्हणाला, मी असं काही बोललोच नाही. मी विचारलं, मग तिरुभुवनम् च्या मुलीला मराठी कुठून येते? तर म्हणाला, "अक्का, तुम्हीच म्हणता, आमची मराठी तुम्हांला अर्धी कळत नाही. तुम्ही अर्थ कसा लावता?" माझीच चेष्टा माझ्या तोंडावर येऊन बसली. नटराजन माझ्याकडे संशयानं पाहायला लागला. त्याचाही जीव अडकला होता. लग्नसराई तोंडावर, आणि मोहनशिवाय पहिला मजला चालणार कसा?

आणि मग मोहन स्टुलाकडे वळला. प्रथमच, दुकानात, सगळ्यांसमोर, मराठीत बोलला. "मावशी, तूंच शिकविलीस नव्हे तिला? एकली घेऊन तालीम करीत होतीस, तिचा आवाज निघत नाहीं म्हणून. तेव्हां आपल्या बोलण्यांत म्हटलीस हें सगळं. आठव. सांग यांना."

अगदी गोड बोलला. दोघांच्याही सुटकेचं दार आपल्या हातानं उघडून दिलं त्यानं. आणि गंमत अशी की ते खोटं कोणालाच खोडता आलं नसतं. बाई सेल्वीला खरंच एकटी घेऊन शिकवत होत्या. बाईंनी नुसतं 'हो' म्हटलं असतं तर मोहन सुटला असता, सेल्वी खोटी ठरली असती, आणि रात्री घरी दोन ताटं नेहमीसारखी मांडली गेली असती. हे मला कळत होतं, मोहनला कळत होतं, आणि बाईंना तर सगळ्यांत आधी कळलं होतं. सेल्वी मात्र काहीच न कळून आमच्या तोंडांकडे बघत होती. मी देवाशप्पथ सांगते, त्या क्षणी मला वाटलं बाई 'हो' म्हणतील. आणि मी त्यांना दोष दिला नसता.

बाईंनी उत्तर तमिळमध्ये दिलं, सगळ्यांना कळेल असं. "आमची भाषा मी या दुकानात, एक या बाई सोडल्या तर, कोणाशीच बोलले नाही. तीस वर्षांत नाही. तालमीतही नाही. हे शब्द आमच्या घरचे आहेत. अर्थ मी सांगते, मीनाक्षी, लिहून घे."

आणि चारही ओळींचा अर्थ सांगितला. शब्दन् शब्द. एक शब्द मऊ केला नाही. मोहन मधेच ओरडला, "मावशी!" त्या थांबल्या, त्याला बोलू दिलं, आणि जिथे थांबल्या होत्या तिथून पुढे सुरू केलं.

मोहनची नोकरी गेली. मुदलाळींनी आधी बदली करतो, समज देतो, असं म्हणून पाहिलं. बाईंनी कायद्याचं पान उघडून त्यांच्यासमोर ठेवलं. त्याच आठवड्यात तो घरातलं आपलं सामान घेऊन तिरुपूरला गेला.

सेल्वीच्या बापाला कुठून तरी कुणकुण लागलीच. पोरगी दोन दिवस कामावर आली नाही. तिसऱ्या दिवशी तिनंच बाईंना फोन केला, तुम्ही या. बाई मला घेऊन बसनं तिरुभुवनम् ला गेल्या. बाप मागावर बसला होता. उठला नाही, या म्हणाला नाही. बाई जमिनीवरच बसल्या. म्हणाल्या, "चूक करणारा माझा पोर होता. तो गेला दुकानातून, आणि माझ्या घरातूनही गेला. आता तुमची पोरगी कशाला घरी बसवता? शिक्षा दोन्ही घरांना कशाला?" बापानं हातातला धोटा खाली ठेवला. मग आतल्या दिशेनं ओरडला, कॉफी करा. सेल्वी सोमवारी कामावर हजर.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून बाई एकदम म्हणाल्या, "घाण शब्दांचं मज कांहीं नाहीं गे. ते मी कितीतरी लिहिले. पण 'साखरेची मैना' तो माझ्या आईचा शब्द. आई मज म्हणायची. मी मोहनला 'साखरेचा राघू' म्हणून वाढविलं. तो चांगला शब्द होता." एवढंच. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो धरू दिला.

तालीम एकही मंगळवार चुकली नाही. मला वाटलं होतं आता त्या टॉवेल खांद्यावर टाकणार नाहीत. टाकला. उलट आता सेल्वीला इतका आवाज फुटलाय की तिचा नंबर आला की बाई दोन पावलं मागे सरकूनच उभ्या राहतात.

पण रविवारी त्या माझ्याकडे यायला लागल्या. मेलकावेरीच्या बसनं, उन्हातून, हातात कापडी पिशवी. कधी सभेचा वृत्तांत वाचून दाखवायला, कधी वार्षिक अहवालावर माझी सही घ्यायला. एकच अहवाल तीन रविवार चालला. मी वैतागायचे, खोटं कशाला सांगू? रविवारची माझी झोप जायची. एकदा तर मी म्हटलंही, "गोदाबाई, या सहीसाठी एवढ्या लांब कशाला आलात? पाठवून द्यायचं ना कोणाबरोबर." त्या ओशाळल्या आणि लगेच निघून गेल्या.

दिवाळीनंतरच्या रविवारी पुन्हा आल्या. हातात पिशवी नव्हती. मी दार उघडलं तर उंबऱ्याच्या बाहेरच उभ्या.

"आज कागद नाहीं," त्या म्हणाल्या. "उगीच आलें."

मी आत घेतलं, कॉफी दिली. कॉफी निवून गेली तरी प्यायल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मोहनचा फोन आला होता दिवाळीला."

"अरे वा! बरं झालं की. काय म्हणाला?"

"बऱ्या आहांत का म्हणून विचारलं. जेवलांत का म्हणून विचारलं." त्यांनी पेला दूर सरकवला. "तमिळमध्यें विचारलं गे. परक्या माणसाला विचारावं तसं. मी आमच्या बोलण्यांत उत्तर देत होतें, तो तमिळमध्येंच बोलत होता. शेवटास मीही तमिळमध्यें बोललें."

मी निवलेल्या कॉफीचा पेला उचलून बाजूला ठेवला.

"घरांत आतां आमचं बोलणं बोलायला कोण्ही नाहीं," त्या म्हणाल्या. "विठोबाशीं बोलतें, पण तो उत्तर देत नाहीं. केव्हां केव्हां मज शब्दच आठवत नाहींत. काल भाजी चिरतांना विळीला काय म्हणायचं तेंच आठवेना. भीति वाटली मज. तूं बोल कांहींतरी."

"काय बोलू?"

"कांहींही. तुझी मराठी बातम्यांसारखी असली तरी चालेल."

आता मराठीत बोल म्हटल्यावर माणूस काय बोलणार? मला माझी सांगलीची थोरली जाऊ आठवली. ती पाहुण्यांना चहा देताना कशी आधी "साखर नकोच ना तुम्हाला?" असं विचारते, आणि एका वांग्यात सात माणसांची भाजी कशी करते, ते सांगायला लागले. एकदा सुरू झाले की मी काही थांबत नाही, जावेच्या बाबतीत तर नाहीच. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. वांग्यापाशी हसल्या. खुदकन, पोरीसारख्या. हसता हसता पदर डोळ्यांना लावला आणि तो काढलाच नाही.

मी घाबरून थांबले.

"थांबूं नको गे," पदराआडून त्या म्हणाल्या. "मग? पाहुणे काय म्हणाले?"

मी पुढे सांगत राहिले.